तीस घरांचा पुलिहोरा

गोगुलपाडू,
२ नोव्हेंबर १९८८

प्रिय पिन्नी,

आपल्या घरचा पुलिहोरा कसा असतो?

काल शाळेत मला हे विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा माझी अशी बोबडी वळली नव्हती. चिंचेचा एक पिवळा भात, आणि त्याने मला गार केलं!

झालं असं. कार्तिकात इथल्या सगळ्या शिक्षिका नदीकाठच्या आवळ्याच्या बागेत वनभोजनाला जातात. आवळ्याची पूजा होते आणि मग पंगत बसते. बाकीचा स्वयंपाक तिथेच आचारी करतो, पण पुलिहोरा मात्र प्रत्येकीने आपापल्या घरचा आणायचा असा इथला रिवाज आहे. बारा जणींची बारा भांडी आवळ्याखाली ओळीने मांडायची, सगळ्यांचा घासघासभर चाखायचा आणि पुढच्या कार्तिकापर्यंत त्यावर बोलायचं. आमच्या हैमावतीगारू शिवण शिकवतात. सुईपेक्षा जिभेनेच जास्त टाके घालतात. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे आव घालतात का हो? की नुसती फोडणी?" आव म्हणजे वाटलेली मोहरी, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे सगळंच असतं."

"असणारच. मोठं घर," हेडबाई विशालाक्षीगारू म्हणाल्या.

आपलं घर मोठं कसं झालं तेही सांगते. मी इथे रुजू झाले त्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष माझ्या साडीच्या इस्त्रीवर. खळ अशी, निरी अशी! हैमावतीगारूंनी विचारलं, "तुमचा परीट कोण? आम्हाला पत्ता द्या की." मी म्हणाले, "घरचाच आहे." त्यांना वाटलं, आमच्या पदरी परीट आहे. पिन्नी, मी खोटं बोलले नाही. पण खरं बोलले असंही नाही. आणि त्याच सकाळी मी सातवीच्या फळ्यावर सत्यावरचा सुविचार लिहिला होता, झोकदार अक्षरात.

आपल्याकडे पुलिहोरा शिजलाच कधी? सणाच्या संध्याकाळी आई भांडं घेऊन मागल्या दारांनी फिरायची. गावचे हिशेब लिहिणाऱ्या करणमांकडचा एक डाव, देवळातला एक, कोमट्यांकडचा एक, मास्तरांकडचा एक. घरी पोचेपर्यंत तीस घरांचा मिळून एक भात झालेला असायचा. आठवतं, मी डोळे मिटून ओळखायची, "हा शेंगदाणा कोमट्यांचा!" आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस, "गिळ आधी!"

बी.एड.ला जाताना मी आईला आपल्या देवीची, नूकालम्माची शपथ घातली, की यापुढे भांडं घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. तिने ती पाळली याचा मला फार अभिमान आहे. पण त्यामुळे आता आपल्याकडे तोही पुलिहोरा नाही.

तेव्हा एखादा बरासा प्रकार लिहून पाठव. वनभोजन २७ तारखेला, रविवारी आहे. आईला पत्र वाचून दाखव, फक्त 'घरचाच' एवढं वगळ.

तुझी,
मंगा

*

कोत्तलंका,
७ नोव्हेंबर

मंगतायारू मास्तरीणबाईंना पाचवी नापास मावशीचा, पिन्नीचा आशीर्वाद.

तू वगळ म्हणालीस तेच मी आधी वाचलं. तुझ्या आईने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "कुठली साडी होती? निळी का? निळीला मीच खळ केली होती." एवढंच. तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस.

आता पुलिहोरा. मी आणि अक्का दुपारभर बसलो. मी लिहितेय आणि ती सांगतेय. मला म्हणते, "नीट लिही गं, माझी पोर शिकलेली आहे." जसं काही मी वाळूत रेघोट्या ओढते!

तांदूळ जुना घे. भात मोकळा हवा, शितं एकमेकांशी बोलत नसल्यासारखी. परातीत पसर. गरम असतानाच हळद, दोन पळ्या तिळाचं तेल आणि वर कढीलिंब, मग अर्धा तास हात लावायचा नाही. चिंचेचा कोळ दाट काढ. त्यात मीठ, हळद, चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि गुळाचा खडा घालून तेल सुटेपर्यंत आटव. फोडणीत हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मोहरी, सुक्या मिरच्या, हिंग, शेंगदाणे. डाळ लाल व्हायला हवी. काळी झाली तर टाकून दे, माया करू नकोस.

हा झाला साधा. पुढे घराघराची खोड. देवळात मिरी घालतात आणि चिंच इतकी आटवतात की ती जामसारखी होते. कोमट्यांकडे शेंगदाणे मुठीने. मास्तरांकडे आव, ती खाल्ली की नाकातून धूर निघतो. करणमांकडे तिळाचं कूट असायचं, पण यंदा दसऱ्याला त्यांच्या नव्या सुनेने चक्क साखर घातली. म्हातारी असती तर सुनेला परातीत बसवून हळद लावली असती.

माझं ऐक, मास्तरांचा उचल आणि आपलाच म्हण. पुलिहोऱ्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?

पिन्नी

*

गोगुलपाडू,
१२ नोव्हेंबर

प्रिय पिन्नी,

केला. आणि तू असतीस तर मला परातीत बसवून हळद लावली असतीस.

मला एकाच घराचा उचलणं पटेना. ती चोरी झाली असती. म्हणून म्हटलं, सगळ्यांचाच करू. कूटही घातलं, मिरीही घातली, शेंगदाणे दोन मुठी आणि आवही. शास्त्राचा विचार केला तर चार चांगल्या गोष्टी एकत्र केल्यावर चौपट चांगलं व्हायला हवं. झालं काय, तर भाताचा गोळा. स्टोव्हवर चिंच आटेपर्यंत घाई झाली आणि आव गरम भातातच कालवली. कडू जहर! घरमालकीणबाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या गावी कुणाशी वैर आहे का?" उरलेला भात गच्चीवर ठेवला. कावळे आले आणि भातावर चर्चा करून गेले.

आणखी एक. हैमावतीगारू काल म्हणाल्या, "तुमच्या पुलिहोऱ्याची आम्ही वाट बघतोय हं. मोठ्या घरच्या हाताला चव निराळी." हेडबाईंनी तर माझं भांडं ओळीत सगळ्यात आधी ठेवायचं ठरवलंय. मी हसले. रात्री मात्र वहीत लिहिलं, जे हसू खोट्याला झाकतं तेही खोटंच. मग ते मलाच इतकं पुस्तकी वाटलं की खोडून टाकलं.

आणि एक विचारायचं आहे. करणमांकडची सून वैशाखात आली, बरोबर ना? लग्नाचं मला तूच कळवलं होतंस. मग दसऱ्याला तिने पुलिहोऱ्यात साखर घातली हे आईला कसं कळलं?

मंगा

*

कोत्तलंका,
१५ नोव्हेंबर

मंगा,

आव नेहमी भात गार झाल्यावर घालायची, हे सांगायचं राहिलं. अक्का मला ओरडली.

करणमांची सून स्वतः येऊन वाटीभर देऊन गेली. चांगली आहे पोरगी. कोमट्यांच्या म्हशीला रेडकू झालं. इकडे सगळं ठीक.

पिन्नी

*

गोगुलपाडू,
१७ नोव्हेंबर

पिन्नी,

करणमांची सून दसऱ्याच्या दिवशी जरीची साडी नेसून, वाटी घेऊन परटांच्या आळीत आली? आपल्या चुलीचा धूर अंगावर घेत? थाप मारून लगेच कोमट्यांच्या म्हशीवर घसरलीस, तिथेच पकडली गेलीस.

आई अजून भांडं घेऊन जाते. होय की नाही, एवढंच लिही.

मी इथे मुलींना सांगते, की माझ्या आईने मान ताठ केली. नाव घेत नाही, पण 'एक बाई होती' म्हणून सांगते. मुली टाळ्या वाजवतात. आता मी त्यांना काय सांगू?

मंगा

*

कोत्तलंका,
२१ नोव्हेंबर

मंगा,

होय.

आता ऐक. हे पत्र मी अक्काला न सांगता लिहायला बसले होते, पण ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय लिहितेस ते मोठ्याने वाच." तेव्हा अर्धं माझं आहे आणि अर्धं तिचं.

तुझी शपथ तिने चार सण पाळली. पहिल्या सणाला पांढरा भात शिजवला, आमटी केली, आम्ही दोघी जेवलो. तेवढ्यात देवळातल्या भटजींची बायको आळीच्या तोंडाशी येऊन हाका मारायला लागली, "नूकरत्नम, आजारी आहेस का गं?" मग मास्तरांकडची, मग कोमटीण. सगळ्यांना वाटलं, अक्काला ताप आलाय. ती दाराआड बसून राहिली. काय सांगणार? माझ्या मुलीने मला मोठं केलंय म्हणून?

पाचव्या सणाला, म्हणजे उगादीला, ती उठली आणि निघाली.

आता ती सांगते तसं लिहिते. "मंगाला म्हणावं, ती भीक नाही, माझं बलुतं आहे. वर्षभर तीस घरांचा मळ मी काढते. बाळंतिणीची धुणी, मयताच्या चादरी, त्यांच्या पोरींची पहिली लुगडी, सगळं या हातांखालून जातं. सणाला त्यांच्या परातीतला एक डाव माझा. तिला पगार बँकेतून येतो, मला भांड्यातून येतो. आणि त्या मागल्या दाराशी बायका माझ्याशी जे बोलतात ते पुढल्या दारी आलेल्याशी कधी बोलत नाहीत. ते मी का सोडू?"

मी म्हटलं, "अक्का, काही घरं डाव उंचावरून टाकतात, भांड्याला लागू नये म्हणून. तेही लिहू का?" ती म्हणाली, "लिही. टाकतात. करणमांकडे टाकतात. तेही खरं आहे."

मग एक गोष्ट तिने लिहू नकोस म्हटली, पण ती आत गेल्यावर मी लिहितेय. शपथ मोडल्यापासून ती नूकालम्माच्या देवळावरून मान खाली घालून जाते. श्रावणात भट्टीच्या वाफेने तिचा हात भाजला. मला म्हणाली, "देवीने हिशेब चुकता केला." तुझ्यावर रागावली नाही, देवीवरही नाही. पण घाबरलेली आहे. ज्या बाईला पुराची भीती वाटत नाही, ती एका शपथेला भिते. तू विज्ञान शिकवतेस ना? मग शपथ घालताना तुला विज्ञान कुठे आठवलं नाही?

आणि फार तोरा मिरवू नकोस. तुझं 'घरचाच' आणि माझं 'सून येऊन गेली', दोन्ही एकाच घाटावर धुतलेले कपडे आहेत. डाग दोन्हीवर आहे.

कंडक्टरबरोबर एक पोतडी पाठवलीय. त्यात अक्काचं भांडं आहे. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "तिने विचारलंय ना, आपल्या घरचा पुलिहोरा कसा असतो? मी कधी केला नाही. पण तीस घरांचा खाल्लाय, माझ्या जिभेला कळतं. तिला सांग, चिंच देवळासारखी आटव. शेंगदाणे कोमट्यांसारखे. आव मास्तरांसारखी, पण निम्मी आणि भात गार झाल्यावर. कूट नको, ते आवेशी भांडतं. साखर तर नकोच. आणि कढीलिंब आपल्या परड्यातला, तेवढं एक आपलं." म्हणून कढीलिंबाच्या डहाळ्या ओल्या फडक्यात बांधल्या आहेत. वाळायच्या आत वापर.

भांडं संक्रांतीआधी परत हवं. रिकामं पाठवू नये, हे तुला सांगायला नको.

पिन्नी

*

कोत्तलंका, आपल्याच ओट्यावरून
२८ नोव्हेंबर, सकाळी सात

प्रिय पिन्नी,

पहिल्या बसने आले. तुम्ही दोघी घाटावर गेला आहात असं शेजारची अप्पायम्मा म्हणाली. मला आठच्या बसने परत जायचं आहे, दहाला नववीचा तास आहे. म्हणून ओट्यावर बसून लिहितेय आणि चिठ्ठी भांड्याखाली ठेवतेय.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा त्याहून जास्त रागाने. चौथ्यांदा वाचताना 'तेही खरं आहे' इथे थांबले. मी आईची मान ताठ करायला निघाले होते आणि ती देवळासमोर खाली घालायला लावली.

शनिवारी चिंच आटवली, जामसारखी होईपर्यंत. रविवारी पहाटे भात केला. गार होईपर्यंत भाताला हात लावायचा नाही म्हणून हात पाठीमागे बांधून खोलीत फेऱ्या मारल्या. आव निम्मी. आपल्या परड्यातला कढीलिंब गरम भातावर टाकला तेव्हा जो वास आला, त्यावर घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. चाखून म्हणाल्या, "वैर मिटलं वाटतं."

तो भात मी आईच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत भरला. फक्त अर्ध्यापर्यंत.

आवळ्याखाली अकरा भांडी लखलखत होती, पितळेची, स्टीलची, एक तर चांदीचं. त्यांच्यात आपलं पोचे आलेलं भांडं. हेडबाईंनी ते सगळ्यात आधी ठेवायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. "हे काय, मंगतायारूगारू? आणि अर्धंच?"

मी म्हटलं, "बाकीचा अर्धा तुमच्याकडून घ्यायचा आहे. आमच्याकडे पुलिहोरा असाच होतो." आणि भांडं कमरेवर घेऊन ओळीने निघाले. "एक डाव घाला ना." हैमावतीगारूंना वाटलं काहीतरी खेळ आहे. त्या हसत हसत घालत होत्या. एकीने उंचावरून टाकला नाही पिन्नी, कारण त्यांना अजून माहीत नव्हतं.

अकरा डाव पडले. मग मी सांगितलं. पाठ करून गेले होते, तीन मुद्दे काढले होते, पण सगळे विसरले. फक्त म्हणाले, "माझी आई नूकरत्नम कोत्तलंकेची परटीण आहे. सणाला तीस घरांतून असा डावडाव गोळा करून आणते, तो आमच्या घरचा पुलिहोरा. हे तिचंच भांडं आहे. आणि परीट घरचाच आहे म्हणाले होते, ते खरं होतं, पण तुम्हाला जे वाटलं ते मी वाटू दिलं. ते बरोबर केलं नाही."

नदीवर कुणीतरी म्हशींना हाकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग हैमावतीगारू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणून निऱ्या अशा! आणि मी सहा महिने आमच्या परटाला शिव्या देतेय, बघ म्हणावं शिक त्यांच्याकडून!" दोघी-तिघी फस्सकन हसल्या. मीही हसले. या वेळी वहीत काही लिहावंसं वाटलं नाही.

मी हाताने भात कालवला आणि वाढायला घेतला. सगळ्यांनी खाल्ला असं नाही. अनसूयागारूंना अचानक आपला उपास आठवला. आणखी दोघींनी पानाच्या कडेला घेतला आणि तो तिथेच राहिला. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं नाही. हेडबाई कितीतरी वेळ पानाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उठतात. त्यांनी घास घेतला, हळूहळू चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही मोहरी कुणाची? फार झोंबते."

"तुमचीच आहे, बाई. आमची निम्मी असते."

"हं," म्हणाल्या. आणि दुसरा घास घेतला.

आज मुलींना 'एक बाई होती' ची गोष्ट पुन्हा सांगायची आहे. कशी सांगायची ते अजून ठरलेलं नाही. बलुतं आणि उंचावरून टाकलेला डाव, दोन्ही एका तासात कसे बसवायचे ते मला येत नाही. पण नाव घेऊन सांगणार.

भांडं काठोकाठ भरलेलं आहे. खाली माझ्या खोलीवर ठेवलेला आपला अर्धा आहे, वरचा बारा घरांचा भात काल आवळ्याखाली उरलेला आहे. रात्रीतून चिंच आणखी मुरलीय, संध्याकाळपर्यंत चांगला राहील. आईला सांग, डोळे मिटून खा आणि आपला कढीलिंब कुठे लागतो ते ओळख.

आणि तिला हेही सांग. बसमधून उतरल्यावर घरी यायच्या आधी मी नूकालम्माच्या देवळात गेले. नारळ फोडला आणि मोठ्याने म्हणाले, "माझी शपथ मी मागे घेतली. सुटली." पुजारी झाडत होता, त्याने ऐकलं आहे. अर्धा नारळ देवीपुढे ठेवला. उरलेला अर्धा भातावर ठेवला आहे, झाकणाखाली.

मंगा